घरातील हवेचे माप : प्लेगकालीन मुंबईपासून स्वयंचलित घरापर्यंत

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत महानगरांतील सुखवस्तू घरांच्या भिंतींवर हाताच्या पंजाएवढे एक यंत्र दिसू लागले आहे. खोलीचे तापमान, हवेतील आर्द्रता, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि सूक्ष्म धूलिकणांची संख्या ते दाखविते. मर्यादा ओलांडली गेली की त्यावरील दिवा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबडा होतो. जोडणी केलेली असल्यास वातानुकूलन यंत्र, पंखा किंवा हवा शुद्ध करणारे उपकरण आपोआप सुरू होते. 'स्मार्ट होम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेकडे एकविसाव्या शतकातील तांत्रिक नवलाई म्हणून पाहिले जाते. तथापि घरातील हवा आरोग्यास बाधक असू शकते, ती मोजता येते आणि तिचे नियमन करता येते, या तिन्ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहेत. नियमन कोणी करावयाचे, याचे उत्तर मात्र मध्यंतरीच्या काळात पार बदलले.

हा बदल मुंबईइतका स्पष्टपणे भारतातील क्वचितच एखाद्या शहरात दिसतो. १८९६ च्या प्लेगनंतर या शहरात घरातील उजेड आणि हवा हा कायद्याचा, नगररचनेचा आणि सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. प्रस्तुत लेखात त्या काळापासून आजच्या संवेदकयुक्त घरापर्यंतचा प्रवास तपासला आहे. यंत्रांच्या शोधांची जंत्री देणे हा त्याचा हेतू नाही. हवेची जबाबदारी इमारतीवरून उपकरणाकडे आणि शासनाकडून ग्राहकाकडे कशी सरकली, हे पाहणे हा आहे.

एक हजार या आकड्याचा उगम

आजच्या बहुतेक यंत्रांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत एक हजार भाग झाले की इशारा मिळतो. हा आकडा कोणा संगणक अभियंत्याने ठरविलेला नाही. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये निवासी इमारतींतील वायुविनिमयावर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यात हजारात एक भाग ही मर्यादा सुचविली होती. खोलीतील हवा बेराइटच्या द्रावणातून खेळवून त्यातील कार्बन डायऑक्साइड मोजण्याची त्यांची रीत पुढे दीर्घकाळ वापरात राहिली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. एवढ्या प्रमाणातील कार्बन डायऑक्साइड हे विष आहे, असे पेटेनकोफर यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासाने आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांनी हवा किती 'वापरली' गेली आहे, याची ती खूण होती. त्या द्रव्यांचे थेट मापन शक्य नव्हते, म्हणून त्यांच्याबरोबर वाढणारा एक सुलभ घटक त्यांनी निवडला. दुर्गंधीचे मूळ घरातच असेल तर वायुवीजनाने ती विरळ करीत बसण्याऐवजी ते मूळच दूर करावे, असेही त्यांचे प्रतिपादन होते. आजचे यंत्र विकत घेणाऱ्यास यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने एक हजार म्हणजे धोक्याची रेषा. शिवाय पेटेनकोफर यांच्या काळी बाहेरच्या मोकळ्या हवेतच हे प्रमाण तीनशेहून कमी होते, आज ते चारशेवीसच्या पुढे गेले आहे. आकडा तोच राहिला, पण बाहेरची हवा बदलल्याने त्याचा अर्थ अधिक कडक झाला, ही गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही.

याच सुमारास, १८५९ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात निरोगी घरासाठी शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा कार्यक्षम निचरा, स्वच्छता आणि प्रकाश या पाच गोष्टी आवश्यक मानल्या. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासंबंधीच्या राजकीय आयोगाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता आणि या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. घराच्या आरोग्याची युरोपीय कल्पना हिंदुस्थानात आली ती प्रथम छावणीच्या वाटेने. 'नेटिव्ह' वस्तीतील घराच्या आत ती शिरली ती प्लेगच्या वेळी.

प्लेग आणि अंधाऱ्या खोल्या

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत धान्य, धान्याभोवती उंदीर आणि वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसे, अशी तेथील रचना होती. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये प्रयोगाने दाखविले. परंतु हे मत सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत दमट जमीन, साचलेली घाण आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ आहे, या समजुतीवर सारी उपाययोजना आधारलेली होती.

परिणामी रोग्याइतकेच घरालाही उपचारास सामोरे जावे लागले. भिंतींना चुना फासण्यात आला, जमिनी उकरण्यात आल्या, गटारांत आणि खोल्यांत कार्बॉलिक आम्लाचे फवारे मारण्यात आले. छपराची कौले काढून आणि भिंतींना भोके पाडून आत ऊन घेण्यात आले. ज्या खोल्या मनुष्यवस्तीस अयोग्य ठरल्या, त्यांच्यावर 'यू. एच. एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि घरात शिरण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. पुण्यात या अधिकारांचा ज्या रीतीने वापर झाला, त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील हल्ल्यात झाली, हा इतिहास सुपरिचित आहे. त्या असंतोषाचे एक कारण घराच्या उंबऱ्याशी निगडित होते. माजघर आणि देवघर या जागा परक्या माणसाच्या नजरेस पडणे हीच मुळात अप्रतिष्ठा मानली जात असे. तपासणी आरोग्यासाठी आहे, एवढ्याने ती स्वीकारार्ह ठरत नव्हती.

वैद्यकीयदृष्ट्या या मोहिमेतील पुष्कळसे उपाय प्लेगसाठी निरुपयोगी होते. गटारे धुऊन काढल्याने उंदीर घरांत पळाले आणि रोग अधिक पसरला असावा, अशी शक्यताही पुढे व्यक्त झाली. मात्र सूर्यप्रकाशात क्षयाचे जंतू मरतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच सांगितले होते आणि मुंबईच्या चाळींत क्षय प्लेगइतका गाजावाजा न करता माणसे नेत होता. कोंदट हवेवरचा रोख प्लेगच्या बाबतीत चुकला. पण त्यातून जो नियम जन्मास आला, तो क्षयाच्या बाबतीत उपयोगी होता.

साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

९ डिसेंबर १८९८ रोजी मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कार्यास प्रारंभ केला. ग्लासगो शहरात १८६६ मध्ये स्थापन झालेल्या अशाच संस्थेचा नमुना समोर ठेवण्यात आला होता. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, आरोग्यास अपायकारक घरे पाडणे, गरिबांसाठी चाळी बांधणे आणि उत्तरेकडे नवी उपनगरे वसविणे ही तिची कामे. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, नागपाड्याची सुधारणा आणि पुढे दादर-माटुंगा-शीव भागातील वसाहती ही तिची ठळक स्मारके होत. मात्र पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. बेघर झालेले लोक शेजारच्या मोहल्ल्यांत जाऊन राहिले आणि तेथील दाटी वाढली. ज्यांच्या आरोग्यासाठी योजना होती, त्यांपैकी अनेकांच्या वाट्यास अधिक कोंदट खोली आली.

या संस्थेच्या इतिहासातील एक तांत्रिक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. खिडकी आहे किंवा नाही एवढे पाहून भागत नाही, त्या खिडकीसमोर आकाश किती आहे ते पाहिले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. तळमजल्यावरील खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. त्रिकोणमितीच्या भाषेत या कोनाचा स्पर्शक जवळजवळ दोन येतो. याचा साधा अर्थ असा की, समोरची इमारत जितकी उंच असेल, तिच्या उंचीच्या निम्मे अंतर मोकळे सोडले पाहिजे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरामागील मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. ऑर यांनी तो मुंबईच्या गल्ल्यांना लावून पाहिला.

नियमाचे वैशिष्ट्य त्याच्या सोपेपणात आहे. तो तपासण्यासाठी कोणतेही उपकरण खोलीत ठेवावे लागत नाही. नकाशावर पट्टी आणि कोनमापक ठेवले की पुरे. घरात कोण राहणार, तो खिडकी उघडणार की नाही, त्याच्याजवळ पैसे आहेत की नाहीत, यांपैकी कशावरही तो अवलंबून नाही. हवेची जबाबदारी येथे संपूर्णपणे बांधणाऱ्यावर आहे. घरमालकांचा विरोध झाला तोही नेमका याच कारणाने: मोकळे सोडलेले प्रत्येक फूट म्हणजे बुडालेले भाडे, असा त्यांचा हिशोब होता. ट्रस्टने स्वतःच्या इमारतींना आणि भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडांना हा नियम लावला. जुन्या शहरात त्याची मात्रा फारशी चालली नाही. आजही दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा माटुंग्याच्या जुन्या इमारतींमध्ये चारी बाजूंनी जी मोकळी जागा आढळते, तिचे मूळ त्या काळच्या अटींमध्ये आहे. भुलेश्वरात किंवा मांडवीत ती आढळत नाही.

काँक्रीटच्या चाळी आणि शेगडीचा धूर

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळींत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. याच त्या बी. डी. डी. चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, मध्ये लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या.

हा मधला बोळ थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत खोल्यांसमोर उघडी गॅलरी असे. दार उघडे टाकले की खिडकीतून आलेला वारा आरपार जाई. दोन्ही अंगांना खोल्या असलेल्या रचनेत दार बोळात उघडते आणि वाऱ्याला समोरच्या घराचे दार मिळते. दोन इमारतींमध्ये पुरेसे अंतर ठेवूनही आतील हवा खेळती राहीलच असे नाही, ही गोष्ट साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाच्या कक्षेबाहेरची होती. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईतील मजुरी आणि निवास यांवरील १९२५ च्या ग्रंथात या नव्या चाळींचेही कठोर परीक्षण केले आहे.

शिवाय स्वयंपाक त्याच खोलीत होत असे. कोळशाची शेगडी, लाकडाची चूल, पुढे रॉकेलचा स्टोव्ह; आणि त्या धुरात पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार. गिरणीतील सुताच्या तंतूंनी भरलेली हवा आणि घरी परतल्यावर शेगडीचा धूर, असा त्यांचा दिवस होता. नियमांनी बाहेरून येणाऱ्या हवेचा विचार केला, आत निर्माण होणाऱ्या धुराचा जवळजवळ केला नाही. या बाबतीत खरा पालट झाला तो इंधनामुळे. १९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरमधील गॅस आणला. 'बर्शेन' हे त्या गॅसचे व्यापारी नाव पुढे कितीतरी मराठी घरांत शेगडीचेच नाव होऊन बसले. मुंबईतील स्त्रियांच्या फुप्फुसांना या निळ्या ज्योतीने जेवढा दिलासा दिला, तेवढा नगररचनेच्या नियमांनीही क्वचितच दिला असेल. नगररचनेच्या इतिहासात तिची नोंद सहसा आढळत नाही.

पंखा, शीतयंत्र आणि तापनियंत्रक

घराच्या आतील हवा यंत्राने ताब्यात घेण्याचा इतिहास वेगळ्या दिशेने चालत आला. अमेरिकेत व्हिस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे वॉरेन जॉन्सन नावाचे अध्यापक होते. शाळेतील नोकराला प्रत्येक वर्गात जाऊन तापमान पाहावे लागे आणि नंतर तळघरातील भट्टीची झडप कमीअधिक करावी लागे. वर्गात त्यामुळे व्यत्यय येई. या त्रासातून त्यांनी विजेवर चालणारा खोलीतील तापनियंत्रक तयार केला आणि १८८३ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. खोलीने स्वतःची अवस्था ओळखून यंत्राला आज्ञा द्यावी, ही स्मार्ट होमची मूळ कल्पना येथे पूर्ण रूपात दिसते. पुढे विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील छापखान्यासाठी हवेची आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. तिचा हेतू कागद आकसू नये आणि रंग सरकू नयेत हा होता. माणसाचे सुख हा तिचा नंतरचा उपयोग.

मुंबईत वीजपुरवठा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला आणि खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये कार्यान्वित झाले. दोरीने ओढावयाच्या पंख्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली. पंख्याने घाम वाळतो व शरीराला गारवा वाटतो. पण तो खोलीतील हवा हलवितो, बदलीत नाही. १९३३ मध्ये सुरू झालेले रीगल चित्रपटगृह हे मुंबईतील सामान्य प्रेक्षकाला वातानुकूलित हवेचा अनुभव देणारे आरंभीचे ठिकाण. मध्यमवर्गाच्या घरात मात्र ही हवा येण्यास १९९१ नंतरचे आर्थिक धोरण यावे लागले.

खिडकीत बसविण्याच्या जुन्या शीतयंत्रात बाहेरची थोडी हवा आत घेण्याची झडप असे. ती पुष्कळदा बंदच राही हे खरे, तरी ती होती. आता सर्वत्र प्रचलित असलेल्या 'स्प्लिट' प्रकारात भिंतीबाहेरचा भाग आणि आतला भाग यांना जोडणाऱ्या नळ्यांतून केवळ शीतद्रव्य वाहते; खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा थंड केली जाते. दहा बाय बारा फुटांच्या बंद खोलीत दोन माणसे झोपली, तर पेटेनकोफर यांची मर्यादा तासाभरात गाठली जाते आणि पहाटेपर्यंत ती दुपटीहून पुढे जाऊ शकते. खोली गार असते, शांत असते आणि प्रत्येक श्वास अनेकदा वापरलेला असतो.

एका बाबतीत शासनाने या क्षेत्रात पुन्हा पाऊल टाकले. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या ठरावीक प्रकारच्या घरगुती वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश सेल्सिअसवर ठेवणे बंधनकारक झाले. ग्राहकास ते बदलण्याची मुभा आहे. उद्देश विजेच्या बचतीचा आहे. ऑर यांच्या काळी कायदा दोन भिंतींमधील अंतर ठरवीत असे, आता तो यंत्रातील आकडा ठरवितो.

संवेदकांचे घर

घरातील उपकरणे एकमेकांशी जोडण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात सुरू झाले. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ मध्ये विकसित केलेली 'एक्स-टेन' पद्धत घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवीत असे. 'स्मार्ट हाउस' ही संज्ञा अमेरिकेतील गृहबांधणी व्यावसायिकांच्या संघटनेने १९८४ मध्ये रूढ केली. रहिवाशाच्या सवयी शिकून घेणारा 'नेस्ट' हा तापनियंत्रक २०११ मध्ये बाजारात आला. कोविड-१९ च्या साथीत हवेतून होणाऱ्या संसर्गाकडे लक्ष वेधले गेले आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे शाळा, कार्यालये व घरे यांत पोहोचली. खोलीतील हवा किती जणांनी वापरली आहे याची खूण म्हणून त्यांचा उपयोग होता. पेटेनकोफर यांचा मूळ हेतू दीडशे वर्षांनी पुन्हा जिवंत झाला. याच साथीत, मार्च २०२० मध्ये, १८९७ चा साथरोग कायदाही पुन्हा लागू करण्यात आला, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

या संवेदकांचे कार्य थोडक्यात असे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांचा एक विशिष्ट पट्टा शोषून घेतो. यंत्रातील दिव्याचा किती प्रकाश पलीकडे पोहोचला यावरून त्याचे प्रमाण काढले जाते. धूलिकण मोजताना लेझरचा झोत सोडून कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपला जातो. दुसरी पद्धत दमट हवेत फसते. पावसाळ्यातील मुंबईत पाण्याचे सूक्ष्म थेंबही धूळ म्हणून मोजले जाऊ शकतात. यंत्रावरील हिरवा दिवा कोणत्या मानकानुसार हिरवा आहे, हाही प्रश्न आहेच. अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी भारताच्या २००९ च्या मानकांत चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा १५ आहे. तीच हवा एका मापाने निरोगी आणि दुसऱ्या मापाने रोगट ठरते.

तथापि खरी अडचण मापनापलीकडची आहे. गाळणी असलेले हवाशुद्धीकरण यंत्र धूलिकण अडविते, कार्बन डायऑक्साइड अडवू शकत नाही. त्याचा पूर्ण लाभ घ्यावयाचा तर खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. बंद ठेवल्या की श्वासाने हवा जड होते. उघडल्या की रस्त्यावरची धूळ आत येते. दोन संवेदक एकाच खोलीत एकाच वेळी परस्परविरोधी सूचना देतात. यावर तांत्रिक उत्तर आहे: बाहेरची हवा गाळून, आतील गारवा फारसा न गमावता, आत आणणारी यांत्रिक वायुवीजन व्यवस्था. परंतु तिला नलिका लागतात, भिंतींत जागा लागते, इमारत उभी राहण्यापूर्वी ती नकाशावर असावी लागते. खोलीत ठेवलेल्या उपकरणांच्या मर्यादा जेथे संपतात, तेथे प्रश्न पुन्हा बांधणाऱ्याच्या दाराशी येऊन थांबतो.

उंबऱ्याचा प्रश्नही सुटलेला नाही. १८९७ मध्ये अधिकाऱ्याने आत पाऊल टाकताच शहर पेटले. आज खोलीत माणूस केव्हा आहे, केव्हा झोपतो, केव्हा स्वयंपाक करतो ही माहिती गोळा करणारे यंत्र गृहस्थ स्वतः पैसे मोजून आणतो आणि ती माहिती परदेशातील संगणकावर साठविण्यास बोटाच्या एका स्पर्शाने संमती देतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला. मात्र कोणती माहिती घराच्या आत राहावी, यावर प्लेगच्या काळी जेवढी तीव्र चर्चा झाली तेवढी आज होत नाही.

तीन मीटरचे अंतर

मुंबईतील रस्ते व रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या झोपडीवासीयांसाठी गोवंडी-मानखुर्द परिसरात पुनर्वसन वसाहती उभारण्यात आल्या. अशा पुनर्वसनासाठी विकास नियंत्रण नियमांत मोकळ्या जागेसंबंधी सवलती देण्यात आल्या होत्या. जमीन थोडी आणि कुटुंबे फार, हे त्यामागील कारण अवास्तव नव्हते. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या सहभागाने झालेल्या व २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत यांची तुलना करण्यात आली. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण पीएमजीपीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. इमारतींमधील अपुरे अंतर आणि त्यामुळे खालच्या मजल्यांपर्यंत न पोहोचणारा सूर्यप्रकाश व वारा यांच्याशी या प्रमाणाचा संबंध असल्याचे अभ्यासकांनी दाखविले. पोषण, दाटी, पूर्वीचा आजार, उपचारांत पडलेला खंड ही क्षयाची इतर कारणेही प्रबळ आहेत, म्हणून सारा दोष भिंतींवर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु तिन्ही वसाहतींतील रहिवाशांची आर्थिक स्थिती बरीचशी सारखी असताना आढळलेला हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधील अंतर सुमारे तीन मीटर आहे. त्या अरुंद पट्ट्यात कचरा पडतो, म्हणून खिडक्या उघडल्या जात नाहीत. उघडल्या तरी समोर भिंत असते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. येथील खोलीत संवेदक बसविला तर तो तांबडा दिवा दाखवील. त्यापुढे त्याने कोणत्या यंत्राला आज्ञा द्यावी, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही.

सात मजल्यांची इमारत साधारण वीस मीटर उंच धरली, तर ऑर यांच्या नियमानुसार समोर दहा मीटर मोकळी जागा हवी होती. तीन मीटर अंतरावर पायथ्यापासूनचा कोन साडेएक्याऐंशी अंशांच्या आसपास येतो. तेवढेच अंतर ठेवावयाचे तर १९१२ मध्ये मांडलेल्या त्या नियमाने समोर सहा मीटर उंचीची, म्हणजे दोन मजल्यांची, इमारत बांधता आली असती.